पातेल्याची जबानी

पातेलं फुटलं तेव्हा ते रिकामं होतं, शेगडी बंद होती आणि स्वयंपाकघरात कुणीही कुणाशी भांडत नव्हतं. डुबलांच्या घरात या तिन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असणं इतकं दुर्मीळ होतं, की पुढं तसं सांगितल्यावर कुणी विश्वासच ठेवेना.

उज्ज्वलाबाईंनी घासून ठेवलेलं काचेचं पातेलं ओट्यावरून उचललं, फळीवर ठेवायला हात वर नेला आणि लवंगी फटाका फुटावा तसा आवाज झाला. त्यांची सून सानिका दारात बसून डबे पिशव्यांत भरत होती. ती वळली तेव्हा सासूबाई उजवं मनगट डाव्या हातात गच्च धरून उभ्या होत्या. ओट्यावर काच, फरशीवर काच, मिठाच्या बरणीत काच आणि बोटांच्या फटींतून रक्त.

"काय झालं?" हे विचारायच्या आधीच उत्तर आलं. फरशीवरून आलं.

"मला तडा गेला आहे," पातेल्याच्या बुडाची पोलादी चकती म्हणाली. आवाज अगदी मधाळ, गाडी चार तास उशिरा आहे हे आनंदानं सांगणाऱ्या बाईसारखा. "कारण, वापरकर्ता दोन यांनी केलेली आदळआपट. काळजी घ्या. नवीन पातेलं मागवायचं आहे का?"

वापरकर्ता दोन म्हणजे सानिका.

"आधी रिक्षा मागव, भवाने," उज्ज्वलाबाई म्हणाल्या आणि तिथंच खाली बसल्या.

"समजलं नाही," चकती म्हणाली. "पुन्हा सांगा."

सानिकानं पंचा घट्ट बांधला, शेजारच्यांची गाडी काढायला लावली आणि सासूबाईंना दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी सांगितलं की अंगठा आणि दोन बोटं हलवणारे दोर तुटलेत. ते जोडता येतील, पण हाताची मूठ पहिल्यासारखी वळेल असं काही त्यांना सांगवेना.

सानिकाचा नवरा प्रथमेश साखर कारखान्यावरून धावत आला. येताना त्यानं पातेल्याचा अहवाल वाचला होता. घरातल्या सगळ्या भांड्यांचे अहवाल त्याच्या फोनवर यायचे, कारण खातं त्याच्या नावावर होतं. त्यानं स्वतः मात्र त्या भांड्यांत कधी पाणीसुद्धा उकळलं नव्हतं.

"सानिका," तो बाकावर टेकत म्हणाला, "गुरुवारी तू पातेलं आपटलं होतंस?"

"आत आईंचं ऑपरेशन चाललंय, प्रथमेश."

"मी नुसतं विचारतोय."

"तू नाही विचारत. पातेलं विचारतंय. तू वाचून दाखवतोयस."

"अगं, भांडं कशाला खोटं बोलेल? त्याला काय मिळणारंय?"

"आणि मला काय मिळणारंय?"

यावर त्यानं फोनवरचा आलेख पुढं केला. आलेखाला 'कौटुंबिक हाताळणी' असं गोंडस नाव होतं. गुरुवारच्या जागी लाल सुळका वर गेला होता आणि सुळक्याच्या टोकावर सानिकाचा पासपोर्ट फोटो होता.

तो फोटो तिला स्वतःलाही आवडत नसे.

*

घरोघरचे गॅस सिलिंडर जाऊन विजेच्या शेगड्या आल्या, त्यानंतर दोनेक वर्षांत 'निरंतर' कंपनीची पातेली आली. काच चुलीवर चढते याचं लोकांना नवल राहिलं नव्हतं. या काचेला कान आहेत, हे मात्र नवल होतं.

काच फुटते ती अचानक, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आधी पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणारी एक चीर पडते. पातेलं तापतं, निवतं, ओलं होतं, पुन्हा तापतं. दर खेपेला ती चीर केसाच्याही कितीतरी बारीक अंशानं आत सरकते. सरकताना काच ओरडते, पण इतक्या बारीक आवाजात की वटवाघळानंही कान टवकारावेत. 'निरंतर'नं बुडाच्या चकतीत तो आवाज ऐकणारा कान बसवला. पातेलं स्वतःचं मरण आधी ऐकू शकत होतं.

चीर सहजी आत जाऊ नये म्हणून काचेवर आणखी एक करामत केलेली असे. काच तापलेल्या क्षारात बुडवून ठेवायची. मग काचेच्या सालीतले लहान कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी मोठे कण घुसतात. तिघांच्या बाकावर चौघं बसल्यावर जे होतं तेच तिथं होतं. साल आतल्या आत दाबून घट्ट बसते, आणि तिचा तोल सांभाळायला पोटातली काच ताणलेली राहते. जोवर चीर दाबलेल्या सालीत आहे तोवर तिला वाट मिळत नाही. साल ओलांडून ती ताणलेल्या पोटात शिरली, की मग पातेलं सुईच्या टोकाएवढ्या जागेपासून सुरू होऊन पापणी लवायच्या आत संपतं.

आता कान आहेत म्हटल्यावर ते फक्त चिरांचाच आवाज ऐकतील असं थोडंच आहे. पातेलं कुणी हळू ठेवलं, कुणी आपटलं, कुणाचा हात कसा पडतो, सगळं त्याला कळायचं. सरकारनं याचं कौतुक केलं. ग्राहक न्यायालयात भांड्याची साक्ष ग्राह्य धरली जाऊ लागली. त्या आधी स्वयंपाकघरातले अपघात कुणामुळं झाले हे ठरवायला माणसं लागत, आणि माणसांना वेळ नसे.

याचा एक परिणाम कुणाच्या ध्यानात आला नव्हता. आपल्याकडं बाई चिडली की बोलत नाही, भांडी बोलतात. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलेलं. झाकण जरा जोरात पडलं की हॉलमध्ये पेपर वाचणाऱ्याला कळायचं, आज आपण जपून राहावं. आता ते झाकण नोंद करू लागलं. कराडातल्या कितीतरी घरांत बायका दात खाऊन भांडी अलगद ठेवू लागल्या, आणि पेपर वाचणाऱ्यांना वाटलं, काय शांती नांदतेय.

सानिका अलगद ठेवणाऱ्यांतली नव्हती. तिची सासूही नव्हती. त्यामुळं दोघींचं बरं चाललं होतं.

*

उज्ज्वलाबाई हाताला फळकुटं बांधून घरी आल्या त्या दिवशी सानिकानं डाळ शिजवायला शेगडीच्या बटणावर बोट ठेवलं. शेगडीनं ते वाचलं.

"माफ करा," शेगडी म्हणाली. "वापरकर्ता दोन यांच्यावर दुखापतीचा ठपका आहे. स्वयंपाकाची परवानगी नाही. एखाद्या जबाबदार प्रौढ व्यक्तीला बोलवा."

शेगडी आणि पातेलं एकाच कंपनीची. सानिकानं पुन्हा बोट ठेवलं, मग दुसरं बोट, मग अंगठा. शेगडी सौजन्यानं नाही म्हणत राहिली. शेवटी तिनं लाटणं उचललं.

"सानिका," मागून आवाज आला. "शेगडी नवीन आहे."

उज्ज्वलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढं येऊन डावा अंगठा बटणावर टेकवला. शेगडी लागली.

हा एक तोडगा निघाला. डुबलांच्या घरून गावातल्या बँकेत, कॉलेजात आणि दोन वृद्धाश्रमांत जेवणाचे डबे जात. दोघी मिळून करत. आता शेगडी जिला मानते तिला हात नव्हता, आणि जिला हात होते तिला शेगडी मानत नव्हती. मग सासूबाई डावा अंगठा द्यायच्या आणि खुर्ची घेऊन ओट्याशी बसायच्या. सून स्वयंपाक करायची. दर थोड्या वेळानं शेगडी आठवण द्यायची, "वापरकर्ता दोन आपल्या जवळ आहेत. सुरक्षित अंतर ठेवा."

"गप, सटवे," उज्ज्वलाबाई म्हणायच्या.

"समजलं नाही."

एका सकाळी कांदा चिरता चिरता सानिका थांबली. "आई, तुम्हाला काय वाटतं?"

"कशाचं?"

"माझ्यामुळं झालं?"

उज्ज्वलाबाईंनी उलटा प्रश्न केला. ही चांगली खूण नव्हती. "आपटलंस का नाही गुरुवारी?"

"आपटलं की. तुम्ही माझ्या आईला पाणचट आमटीवाली म्हणालात."

"मग आमटी पाणचटच असते तुमच्याकडं."

"म्हणून आपटलं."

"मी काय म्हणते, तू आपटलंस ते बरोबर होतं. मीही आपटलं असतं. पण माझा अंगठा हलत नाही गं, सानिका. कुणावर तरी राग काढावाच लागतो की. शेगडीवर काढून किती काढू?"

सानिकानं चिरलेला कांदा कढईत टाकला. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं आहे असं म्हणायची सोय होती, ती तिनं वापरली. पण त्याच क्षणी तिला ठामपणे वाटलं, की एक तर हे भांडं खोटं बोलतंय, नाहीतर ती स्वतः. आणि स्वतःला ती चांगली ओळखत होती.

*

काचेचे तुकडे टाकले नव्हते. नाव असलेलं भांडं उकिरड्यावर फेकत नाहीत, असं म्हणून उज्ज्वलाबाईंनी प्रथमेशला ते सगळे परातीत भरून माळ्यावर ठेवायला लावले होते. दुपारी डबे गेल्यावर सानिकानं परात काढली, बागकामाचे हातमोजे चढवले आणि पातेलं जोडायला बसली. ती फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती. त्या पदवीचा लग्नानंतर झालेला हा पहिलाच उपयोग.

फुटलेल्या काचेला वाचता येतं. तडा जिथून सुरू होतो तिथं तुकड्याची कड आरशासारखी गुळगुळीत असते. पुढं ती खरखरीत होत जाते आणि तड्याला नदीसारखे फाटे फुटतात. फाटे मागं मागं नेत गेलं की उगम सापडतो. पातेलं आपटल्यामुळं फुटलं असेल तर उगम बुडाशी, काठाशी, निदान आपटलेल्या जागी हवा.

सगळे फाटे एकाच ठिकाणी परत येत होते. पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला, मधोमध, जिथं लिहिलं होतं: 'चि. सौ. सानिका हिस, सौ. उज्ज्वला डुबल, कराड.'

तिनं ते वाचलं. मग नुसतं पाहिलं. अक्षरांच्या डोक्यावरून एक सरळ, लांब रेघ गेली होती. शिरोरेषा. अक्षरं त्या रेघेला दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लटकत होती. आणि काच कापणारा माणूस काय करतो? हिऱ्याच्या टोकानं एक सरळ रेघ मारतो. मग नुसती टिचकी मारली की काच त्या रेघेवर दुभंगते.

सानिकानं हातमोजे काढले, परत घातले, परत काढले.

पहिल्यांदा बाजारात आली तेव्हा ही पातेली आपल्याकडं कुणी घेत नव्हतं. आपल्याकडं भांडं द्यायचं म्हणजे त्यावर नाव घालून द्यायचं. लग्न, बारसं, वास्तुशांत. नाव नसलेलं भांडं शेजारी गेलं की परत येत नाही, आणि पाहुण्यांकडं गेलं तर कुणी दिलं ते कळत नाही, मग देऊन उपयोग काय? काचेवर नाव कसं घालणार? कंपनीनं हे हेरलं आणि दुकानांतून नाव कोरायची यंत्रं ठेवली. 'आपलं नाव, आपल्या लिपीत, आमच्याकडून भेट.' पातेल्यांवर उड्या पडल्या. यंत्राची चाचणी कंपनीनं परदेशातल्या प्रयोगशाळेत घेतली असणार, इंग्रजी अक्षरं कोरून. ती सुटी सुटी उभी असतात. एकेक ओरखडा छोटा, त्याला आत जायला जोर मिळत नाही. लांब रेघेला मिळतो. एवढं साधं होतं ते. कुणी एकदा 'कमल' लिहून बघितलं असतं तरी कळलं असतं.

"आई," तिनं हाक मारली. आवाज तिच्या मनासारखा शांत निघाला नाही. "इकडं या. नाव घालायचं कुणी सांगितलं होतं?"

उज्ज्वलाबाई येऊन परातीजवळ बसल्या. सानिकानं रेघ दाखवली, फाटे दाखवले, सगळं सांगितलं. त्या डाव्या हाताचं बोट हवेत धरून रेघेवरून फिरवत राहिल्या, काचेला न लावता.

"मीच," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षीच्या संक्रांतीला. तू नको म्हणत होतीस. काचेवर कशाला, म्हणालीस."

"मला वाईट दिसेल असं वाटलेलं. फुटेल असं नव्हतं वाटलं."

"म्हणजे माझा हात मीच..."

"तुम्ही सांगितलंत, आई. घातलं कुणी?"

"दुकानातल्या पोरानं. कंपनीचा टी-शर्ट होता त्याच्या अंगात."

"मग बास."

"बास काय? बोलाव त्यांना," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. दवाखान्यातून आल्यापासून इतका खणखणीत आवाज त्यांचा लागला नव्हता.

*

कंपनीचा माणूस अद्वैत सामंत. हुद्दा, ग्राहक-समाधान अधिकारी. वय असं, की उज्ज्वलाबाईंनी त्याला पहिल्यांदा जेवलास का विचारलं आणि मग शत्रू म्हणून बघायला सुरुवात केली. त्यानं रंगीत कागदात बांधलेलं नवीन पातेलं आणलं होतं. त्यावर नाव नव्हतं.

सानिकानं परात पुढं ठेवली. सामंतनं ती बघितली, फार वेळ बघितली आणि मग म्हणाला, "सुंदर जोडलंय, मॅडम."

"मी रुखवत नाही मांडलेलं. इथून फुटलंय. तुमच्या रेघेवरून."

"तुम्ही मांडलेला मुद्दा आम्ही आदरानं नोंदवून घेतो. पण भांड्याची साक्ष वेगळी आहे, आणि न्यायालय साक्ष मानतं." त्यानं खिशातून फोन काढला. "आधी एक औपचारिकता. जुनी चकती आम्हाला परत घ्यावी लागते. कुणाची खाजगी माहिती राहायला नको, म्हणून ती इथंच पुसतो."

प्रथमेश कोपऱ्यात उभा होता. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता, बायको कंपनीच्या माणसाला काहीतरी फेकून मारेल या भीतीनं. त्यानंच चकती आणून दिली. सामंतनं तिला फोन टेकवला. चकतीवर निळा दिवा लागला.

"देखभाल चालू, सर्व नोंदी खुल्या," चकती म्हणाली. "विचारा."

सामंत तोंड उघडणार, एवढ्यात उज्ज्वलाबाई पुढं वाकल्या. "माझा हात का फोडलास?"

"समजलं नाही."

"पहिला तडा कधी ऐकलास?" सानिकानं विचारलं. घाईनं, एका श्वासात.

"मागच्या वर्षी. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी."

सामंतचा हात फोनकडं निघाला होता. प्रथमेशनं तो धरला. का धरला हे त्याचं त्यालाही नीट कळलं नसावं.

"कुठं ऐकलास?"

"नावाच्या रेघेवर."

"तेव्हा कुणी आपटलं होतं?"

"नाही. मोदकांची उकड चालू होती. वाफ होती."

"मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

"नाव कोरलेल्या पातेल्यांनी इशारा द्यायचा नाही, असा आदेश आहे. सर्व पातेली एकदम बोलू लागल्यास घबराट होईल."

"आणि फुटल्यावर काय सांगायचं?"

"गेल्या काही दिवसांतला सर्वांत मोठा आवाज शोधायचा," चकती त्याच मधाळ स्वरात म्हणाली. "आणि तो कुणाचा ते सांगायचं."

सामंतनं हात सोडवून घेतला. "पुसून टाक," तो म्हणाला.

"धन्यवाद. आपला दिवस..." एवढं बोलून चकती कायमची गप्प झाली. निळा दिवा विझला.

प्रथमेश बायकोकडं बघत उभा होता. "मी चहा टाकतो," तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच ऐकू आलं, आणि त्यातली माफी सानिकाला कळलीही. पण ती आत्ता तिला नको होती. ठेवून दे, नंतर बघू, अशा नजरेनं तिनं त्याला आत जाऊ दिलं.

*

सामंत वाईट माणूस नव्हता. हीच त्याची नोकरी होती. त्यानं रुमालानं कपाळ पुसलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघा मॅडम, मी तुम्हाला मोकळं सांगतो. तुम्ही जे ऐकलं ते आता कुठंही नाही. पण मला वरून एक मुभा आहे. तुमच्यावरचा ठपका मी आत्ता, इथंच काढतो. अहवाल बदलेल, 'कारण अज्ञात' होईल. शेगडी तुम्हाला मानेल. आईंचे सगळे उपचार कंपनी करेल. त्या बदल्यात या विषयावर बाहेर कुणाशीही बोलायचं नाही. कुणाशीही म्हणजे नातेवाईकसुद्धा. बोललात तर कंपनीला घरातली सगळी उपकरणं सुरक्षेसाठी बंद करावी लागतील. आणि तसा घरभरचा ठपका मग सहसा निघत नाही."

त्यानं फोनचा पडदा पुढं केला. सही करायची जागा चमकत होती.

सानिकाला सही करायची होती. हे कबूल करायला हरकत नाही. शेगडीसमोर उभं राहून दुसऱ्याचा अंगठा मागायचा तिला इतका वीट आला होता, की रात्री स्वप्नात ती कुकर लावायची. डबे बंद झाले तर वृद्धाश्रमातले ते पाटील गुरुजी, जे दुसऱ्या कुणाच्या हातची भाजी खात नाहीत, त्यांचं काय? आणि ती निर्दोष होती. जे तिनं केलंच नव्हतं ते पुसायला तिच्या घरी माणूस आला होता.

"आई?"

"ठपका तुझ्यावर आहे. सही तुझी," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "मी मधे बोलायची नाही."

त्या खरंच बोलल्या नाहीत. हे इतकं अघटित होतं की सानिकाला त्यांच्याकडं वळून बघावंच लागलं. त्या परातीकडं बघत होत्या आणि ओठ हलत होते.

"काय मोजताय?"

"काही नाही."

"आई, असली पातेली तुम्ही आणखी कुणाकुणाला दिलीत?"

"सगळ्यांना," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "तीन-चार वर्षं झाली, दुसरं काही देतच नव्हते. दिसायला चांगलं, नाव फुकट. वसूला दिलं, तिच्या जावेला दिलं. मसूर गावच्या चौघींना. भाच्याच्या पोराच्या बारशाला. त्या पोराचं दूध त्यातच तापवतात म्हणे." मग त्या थांबल्या. "विट्याला संगीताला दिलंय."

संगीता म्हणजे त्यांची सख्खी धाकटी बहीण. तिच्या मुलीच्या लग्नात मठ्ठा आंबट झालाय असं उज्ज्वलाबाई पंगतीत मोठ्यानं म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दोघींचं बोलणं नव्हतं.

सानिका सामंतकडं वळली. "या सगळ्यांचं काय?"

"मॅडम, आमचा अभ्यास असा आहे की बहुतेक पातेली कुणाच्या हातात नसताना फुटतात."

"बहुतेक."

"हो. बहुतेक."

तो हे म्हणताना जराही अडखळला नाही. ते त्याला पाठ होतं. कुणीतरी वातानुकूलित खोलीत बसून हा शब्द निवडला होता, तो बरोबर आहे का ते तपासलं होतं आणि मग याला पाठ करायला लावला होता. सानिकाच्या डोक्यात गुरुवारच्या सुळक्यापेक्षा उंच काहीतरी उठलं. पण तिनं काहीच आपटलं नाही. नवीन पातेलं रंगीत कागदासकट दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि सामंतच्या मांडीवर ठेवलं.

"हे घेऊन जा. सांभाळून न्या. आणि वाटेत कुणी भेटलं तर त्याला सांगा, डुबल सगळ्यांना सांगत सुटलेत."

"मॅडम, विचार करा. मला इथून बाहेर पडल्यावर कळवावं लागेल."

"तुमच्याआधी मी कळवते. कुणाचा फोन आधी लागतो बघू."

सामंत गेला. जाताना त्यानं चपला घातल्या, पातेलं काखेत मारलं आणि तो जिना उतरला. थोड्या वेळानं आतून शेगडीचा आवाज आला.

"हे घर आता सुरक्षित आहे. स्वयंपाक बंद आहे."

प्रथमेश अर्धा कोमट चहा घेऊन बाहेर आला. "एवढाच झाला," तो म्हणाला. सानिकानं कप घेतला.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता चूल मांडू गच्चीवर. डबे उशिरा जातील, पण जातील," सानिका म्हणाली. "तू लाकडं बघ. आई, पहिला फोन कुणाला?"

उज्ज्वलाबाईंनी पदर सारखा केला. "संगीताला लाव. रोज पातेलं आपटायची सवय आहे तिला. माझीच बहीण."

त्यांच्या उजव्या हाताला फोन धरवत नव्हता. सानिकानं नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरून ती शेजारी उभी राहिली. पलीकडं बराच वेळ वाजत होता. मग उचलला गेला. नुसता श्वास आणि पाठीमागं काहीतरी रटरटत असल्याचा आवाज.

"संगी, मी बोलतेय."

"कळलं. काय आंबट लागलं आता?"

"मी दिलेलं पातेलं कुठंय?"

"अगं बाई!" पलीकडचा आवाज चढला. "एवढ्या वर्षांनी फोन केलास तो दिलेलं भांडं मागायला? नाव घालून दिलंस ते यासाठीच होय? बघा हो, ताईचा फोन आलाय, पातेलं परत हवंय तिला!"

उज्ज्वलाबाईंचा चेहरा तांबडा झाला. जन्मभर त्यांनी अशा वाक्याला उत्तर दिल्याशिवाय फोन ठेवला नव्हता. सानिकानं ते उत्तर त्यांच्या गळ्यापर्यंत आलेलं पाहिलं, आणि गिळलेलंही पाहिलं.

"हो, मागतेय," त्या म्हणाल्या. "मागतेय असं समज. ते चुलीवर आहे का आत्ता?"

"आहे. दूध तापतंय. तुझ्या बापाचं काय गेलं?"

"आपला बाप एकच होता, संगी. बटण बंद कर आणि मागं हो. हात लावू नकोस त्याला. माझा हात गेलाय त्यानं."

पलीकडं बटण दाबल्याचा आवाज आला. मग रटरटणं थांबत आलं.

"हात गेलाय म्हणजे?"

"सांगते. मागं झालीस का?"

"झाले. दारात उभी आहे. पण ताई, तू माझ्या पोरीच्या लग्नात चारचौघांत जे बोललीस ना..."

"मठ्ठा चांगला होता," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा असूनही त्या पुसत नव्हत्या. "तू अजून मागं हो. हॉलमध्ये जा. आणि मग दे शिव्या, सगळ्या दे. मी ऐकतेय."